भित्र्या मास्तरचे आठ मैल

गौदेन्सियो किन्येरा भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी त्याला शूरवीर करून ठेवायचं. लाकोरेच्या छावणीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पिल्लांची कोंबडी अंगावर आली की हा बाप्या दिसेल त्या झोपडीत शिरायचा. ढग गडगडले की अंथरुणाखाली. हापशावर पाणी भरणाऱ्या पोरी तर मुद्दाम ओरडायच्या, "मास्तर, मागे कोंबडी!" आणि चाळीशी ओलांडलेला हा माणूस खरंच मागे वळून बघायचा. पोरी हसून लोळायच्या. तोही हसायचा, पण आधी बघून घ्यायचा.

आणि अशा माणसाला देवानं काम कोणतं नेमून द्यावं? दर रविवारी छावणीच्या बाहेर पडायचं, डोक्याएवढ्या गवतातून आठ मैल चालायचं, ते-ओलामच्या माणसांची प्रार्थना चालवायची आणि आठ मैल परत यायचं. दुसरा धडधाकट माणूस देवाला दिसला नाही की काय, असं त्याची बायको फिल्डा विचारायची. तिचं काही चूक नव्हतं.

ते-ओलाम म्हणजे एका जुन्या उंबराखालचं गाव. लढाई पेटली तेव्हा सरकारनं सगळी गावं उठवून माणसं छावण्यांमध्ये आणली, झोपडीला झोपडी चिकटवून. ते-ओलामची सात घरं मात्र हटली नाहीत. "आमच्या मेलेल्यांना इथं टाकून तुमच्या रांगेत मका मागायला यायचं होय? जा!" असं तिथल्या पास्तोरीना आजीनं सैनिकांना तोंडावर सांगितलं होतं. आजी ऐंशीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. सैनिक कंटाळून निघून गेले. फादर सेवेरिनोंची गाडी त्या वाटेला जाऊ शकत नव्हती. उरला कोण? धर्मशिक्षक. म्हणजे गौदेन्सियो मास्तर.

त्या गवतात माणसं होती. बंदुका घेतलेली, कोयते घेतलेली. त्यांचं नाव कुणी घेत नसे, नुसतं 'गवतातले' म्हणत. पोरं उचलून न्यायची, मोठ्यांना ओझी वाहायला लावायची आणि ओझं वाहून झालं की काय करायची ते कुणी बोलत नसे. आणि संध्याकाळी पाचनंतर छावणीबाहेर कुणी दिसलं, तर सैनिक त्यालाच गवतातला समजून गोळी घालायचे. सकाळी नऊच्या आधी फाटक उघडायचं नाही. नऊला निघायचं, बाराला पोचायचं, तासाभरात प्रार्थना उरकायची आणि पाचच्या आत फाटकात यायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधून रोज-रोज नाही, तरी दर आठवड्याला चालायचं.

मग हा जायचा कशाला? ते सांगायला बारा वर्षं मागे जावं लागतं. गौदेन्सियोची पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना गोवरानं गेली. नदीला पूर आला होता, भाऊबंद पलीकडच्या काठावर अडकले होते. हा आणि फिल्डा ते एवढंसं ओझं चटईत गुंडाळून बसून राहिले. पुरायचं तरी कसं, दोन शब्द बोलायला माणूस नाही. दुपारी म्हातारे केरोबिनो मास्तर आले. सत्तरीचा माणूस, छातीपर्यंत चिखल, दात कुडकुडताहेत. त्यांनी खड्ड्याजवळ उभं राहून प्रार्थना म्हटली, फिल्डाच्या डोक्यावर हात ठेवला, नाचणीचा अर्धा उंडा खाल्ला आणि परत निघाले. "एवढ्या पुरातून कशाला आलात हो?" गौदेन्सियोनं विचारलं. म्हातारा म्हणाला, "अरे, आपण येणारी माणसं आहोत. येतो झालं."

बस्स, एवढंच. आकाशातून आवाज नाही की काही नाही. पण ते बोलणं त्याच्या मनातून हटेना. केरोबिनो वारले तेव्हा फादरांनी भर प्रार्थनेत विचारलं, त्यांचं काम आता कोण घेणार? एक हात वर गेला. तो आपलाच आहे हे बघून गौदेन्सियोला घामच फुटला. पण हात काही खाली आला नाही. बिशपांनी त्याच्या गळ्यात लाकडी क्रूस घातला आणि तो मास्तर झाला. तेव्हा लढाई नव्हती, हेही लक्षात ठेवा. तेव्हा वाटेत भेटायची ती कोंबडीच.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षीच्या जूनमध्ये शेजारच्या छावणीतल्या झकेओ मास्तरला गवतातल्यांनी गाठलं. धर्मशिक्षक दिसेल तिथं संपवायचा, असा त्यांच्यात हुकूम सुटल्याचं बाजारात बोललं जात होतं. झकेओ वाटेवरच सापडला. अंगावर एक धागा नव्हता, फक्त गळ्यातला क्रूस तेवढा ठेवला होता, ओळख पटावी म्हणून. गौदेन्सियो त्याला पुरायला गेला. घरी आल्यावर त्यानं गळ्यातला क्रूस काढला. पुढच्या रविवारपासून तो क्रूस टोपलीच्या तळाशी ठेवायचा, वर कसाव्याचे सुकवलेले कंद. कुणी विचारलं तर कसावा विकणारा. ह्याची त्याला लाज वाटायची. पण क्रूस घालायची भीती त्याहून जास्त वाटायची, खोटं कशाला सांगा!

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुसऱ्या लेकराला, लाकेरला, झोपवून फिल्डानं तोंड सोडलं. "अहो लाकेरचे बाबा, उद्या नका जाऊ. सकाळपासून डोळा लवतोय माझा."

"तुझा डोळा दर शनिवारी लवतो."

"लवणारच! पाय तुमचे, पण विधवा कोण होणार? झकेओची बायको बघितलीत? मक्याच्या रांगेत उभी राहते ती, कोण समोर, कोण मागे, काही कळत नाही तिला. आणि तुम्ही! कोंबडीला घाबरणारे तुम्ही! तुम्हालाच बरी ही हौस!"

"हौस नाही गं."

"मग काय आहे?"

  शनिवारी दुपारपासून मास्तरला घास गिळवायचा नाही, तीनतीनदा झोपड्यांमागच्या आडोशाला जाऊन यावं लागायचं. "ते वाट बघत बसतात गं," एवढंच तो म्हणाला. फिल्डा तिळाचं वाटण आपटून उठली.

रविवारी नऊला फाटक उघडलं. पाऊस संपत आला होता, गवत दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलं होतं. पुढे दहा पावलं काय आहे ते दिसायची सोय नाही. तितर फडफडून उडालं तरी ह्याचं काळीज तोंडाशी यायचं. तो जीव मुठीत धरून चालत होता आणि मनात देवाशी भांडत होता. म्हणत होता, देवा, तुला दुसरा कुणी सापडेना का? आज तेवढं जाऊ दे, पुढच्या रविवारी दुसरा शोध. हे तो दर रविवारी म्हणायचा. आणि पाय चालतच राहायचे.

बाराला तो ते-ओलामला पोचला. उंबराच्या सावलीत तीस-पस्तीस माणसं बसली होती. "आले, मास्तर आले," पोरं ओरडली. पास्तोरीना आजीनं हात पुढे करून त्याचा चेहरा चाचपला आणि म्हणाली, "किती घामेजलास रे! परत घाबरलास वाटतं?"

"हो, आजी."

"मीही घाबरते. बस, आधी पाणी पी."

तो टोपली मांडीजवळ ठेवून माणसांतच बसला. भोपळ्याच्या कवटीतलं पाणी ओठाला लावलं आणि तेवढ्यात गवत हललं. एका बाजूनं नव्हे, चारी बाजूंनी.

बारा-तेरा जण होते. सगळ्यात पुढे त्यांचा म्होरक्या, तिशीचा, रबरी बूट घातलेला, गळ्यात जपमाळ. आवाज मऊ. त्या मऊ आवाजानंच माणसं जास्त घाबरली. "बसा, बसा. उठू नका. प्रार्थना चालू द्या की," तो म्हणाला. "तुमचे मास्तर कुठायत?"

एका आईनं पोराला जवळ ओढलं.

"ऐकलंत ना? मास्तर."

"आमच्याकडे मास्तर येत नाही आता," एक म्हातारा म्हणाला. "वाट बंद आहे."

म्होरक्या हसला. "अस्सं? मग प्रार्थना कोण सांगतं? बाबांनो, मला नका शिकवू. माझा बाप चर्चमध्ये ढोल वाजवायचा. पहिली ओळ मास्तर उचलतो, मग लोक उत्तर देतात. मास्तरनं उचलली नाही तर उत्तर येतच नाही. बरोबर ना? चला, म्हणा. बघू पहिली ओळ कोण उचलतं." त्यानं मागे खूण केली. त्याच्या माणसांनी पुढे बसलेली चार पोरं उठवली आणि दोर काढला. "कुणीच नाही उचलली, तर ही चार माझी."

एका पोराची आई जमिनीवर डोकं घासायला लागली. बाकीचे दगडासारखे बसले होते. गौदेन्सियोची तर पाचावर धारण बसली होती. कवटीतलं पाणी मांडीवर सांडलं होतं की दुसरं काही, त्याचं त्यालाही कळलं नाही. नंतर त्यानं स्वतःच सांगितलं, दुसरंच होतं म्हणून.

आणि मग पास्तोरीना आजीनं तोंड उघडलं. आंधळी म्हातारी, जन्मात कधी पहिली ओळ तिनं उचलली नव्हती. थरथरत्या आवाजात तिनं गाणं सुरू केलं. मरायचंच तर आपण मरू, असाच तिचा हिशेब असणार. ओळ संपली. आता सगळ्यांनी उत्तर द्यायला हवं होतं, बस्स, एवढ्यानं निभावलं असतं. पण उत्तर आलंच नाही. कसं येणार? चाळीस वर्षांची सवय. मास्तरची ओळ कानावर पडल्याशिवाय त्या माणसांची जीभ हलायची नाही. आणि त्याहून वाईट झालं ते हे, की ओळ अडली तशा सगळ्यांच्या माना आपोआप वळल्या. गौदेन्सियोकडे. कुणाच्या मनात नव्हतं हो! पण दर रविवारी जिकडे बघायचे तिकडेच त्यांनी बघितलं.

म्होरक्यानंही तिकडे बघितलं. त्याला दिसला एक काळवंडलेला, हाडकुळा माणूस, दातावर दात आपटणारा, विजार ओली, मांडीशी कसाव्याची टोपली. त्याला हसूच फुटलं.

"हा? अरे, मी मास्तर मागितला आणि तुम्ही मला भिजलेली कोंबडी दाखवता? काय रे ए, तू मास्तर आहेस?"

"नाही," गौदेन्सियो म्हणाला.

शब्द तोंडातून निघून गेला. इतका पटकन निघाला की जणू आठ मैल तो जिभेवर घेऊनच आला होता. पास्तोरीना आजीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. 

"वाटलंच," म्होरक्या म्हणाला. "देवाचा माणूस असा मुतत नाही. कसावा विकतोस ना? उठ, पळ इथून. आणि तुम्ही ती पोरं बांधा रे."

आता बघा, वाट मोकळी होती. कुणी अडवलं नसतं. दोन वाजेपर्यंत तो अर्ध्या वाटेत असता, साडेतीनला फिल्डाच्या समोर. तो उठलाही. टोपली उचलली. पहिल्या पोराच्या मनगटाला दोर पडला आणि ते पोर ओरडलं नाही, नुसतं त्याच्याकडे बघत राहिलं. त्याच पोराकडून मागच्या पावसात ह्यानं देवाच्या दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, सातव्या आज्ञेला अडखळायचं.

गौदेन्सियो पोरासाठी थांबला की देवासाठी, की केरोबिनोंसाठी, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. तो म्हणायचा, मला फक्त एवढंच वाटलं की मी आत्ता गेलो तर ह्यापुढे कधीच कुठं येऊ शकणार नाही. त्यानं टोपली खाली ठेवली आणि पहिली ओळ उचलली. आवाज फाटलेला, बोबडी वळलेली, सूर कुठल्या कुठे. पण ओळ त्याची होती. आणि पस्तीस माणसांनी उत्तर दिलं. त्यांना आवरताच आलं नाही. आया रडत होत्या आणि उत्तर देत होत्या.

म्होरक्याचं हसू गेलं. "आत्ता नाही म्हणालास ना?"

"खोटं बोललो."

"का?"

"घाबरलो होतो. अजून घाबरलोय."

"क्रूस कुठाय मग तुझा?"

"कसाव्याखाली." त्यानं टोपली उपडी केली. क्रूस मातीत पडला. तो उचलून त्यानं गळ्यात घातला, पण दोरी दोनदा कानाला अडकली. "तेही भीतीनंच काढलं होतं. मास्तर मीच आहे, बाबा. त्या पोरांचे दोर सोड."

 म्होरक्यानं पोरं सोडायला सांगितली. का सोडली, कुणास ठाऊक. बापाचा ढोल आठवला असेल, नाहीतर चार पोरं सांभाळायचा कंटाळा आला असेल. अशा माणसांच्या मनाचा थांग कुणी लावावा! ओझ्याला माणूस हवा होता म्हणून गौदेन्सियोला तिथंच संपवलं नाही, डोक्यावर मक्याचं पोतं चढवलं आणि त्याला घेऊन ते गवतात शिरले.

तेवीस दिवस तो त्यांच्याबरोबर होता. त्या दिवसांबद्दल त्यानं फारसं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. चोविसाव्या दिवशी ओझ्याखाली त्याला चालवेना. तेव्हा उजव्या टाचेवर कोयता मारून त्यांनी त्याला वाटेवर टाकून दिलं. रानात फळं वेचायला आलेल्या बायकांना तो सापडला. इस्पितळात पोचेपर्यंत पाऊल सडलं होतं. घोट्याच्या वरून कापावं लागलं.

फादर सेवेरिनो त्याच्या खाटेशी येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही तुमचा वाटा उचललात. देव आता आणखी काही मागणार नाही. क्रूस माझ्याकडे द्या, मी दुसऱ्या कुणाला तरी बघतो."

गौदेन्सियोला आनंद झाला. हो, आनंदच! सुटलो, असंच त्याला वाटलं. आता शनिवारी उपाशी राहणं नाही, गवत नाही, रबरी बूट नाहीत. त्यानं क्रूस काढून फादरांच्या हातात दिला आणि रडला, इतकं हलकं वाटलं त्याला. चार दिवस तो पोटभर जेवला. फिल्डानं आयुष्यात त्याला इतकं जेवताना बघितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यानं फादरांना निरोप पाठवून विचारलं, ते-ओलामला कोण गेलं होतं? उत्तर आलं, अजून कुणी मिळालं नाही. सात रविवार झाले. ती माणसं उंबराखाली येतात, बसतात आणि उन्हं कलली की घरी जातात.

जेवण पुन्हा बंद झालं. आधी फिल्डाला वाटलं, जखम चिघळली. मग घरी आणल्यावर एका संध्याकाळी तो कुबडी टेकत झोपडीबाहेर तिच्याशेजारी येऊन बसला, तेव्हाच तिला कळलं. बाईला नवऱ्याचं तोंड वाचता येतं.

"नाही," ती म्हणाली.

"मी अजून काही बोललोच नाही."

"बोलूही नका. एका पायानं आठ मैल? पडलात तर उचलणार कोण, देव? आणि ह्या खेपेला ते तुम्हाला सोडतील होय? ओळखतात आता तुम्हाला!"

"ओळखतात," तो म्हणाला.  "फिल्डा, मला फार भीती वाटते गं. आधी वाटायची त्याच्या दसपट. मी देवाला म्हणालो, मला सोड. तो सोडतोय असं वाटतं, पण ती माणसं बसतात ना तिथं येऊन. आपणही बसलो होतो तसेच, ती चटई घेऊन."

 त्या चटईचं नाव दोघांत बारा वर्षांत कुणी काढलं नव्हतं. फिल्डा तिळाचं वाटण वाटत राहिली, वाटून झाल्यावरही वाटत राहिली. मग पदरानं नाक पुसलं आणि उठून फादरांच्या घराकडे चालती झाली. आली तेव्हा तिच्या हातात क्रूस होता. ठेवताना तो तिनं जवळजवळ फेकलाच त्याच्या मांडीवर.

रविवारी नऊला फाटकावरच्या सैनिकानं विचारलं, "कुठं?"

"ते-ओलामला," गौदेन्सियो म्हणाला. ह्या खेपेला क्रूस शर्टाच्या वर होता. काढायचा धीर झाला नाही की घालायचा धीर झाला, ते त्यालाच ठाऊक.

"ह्या पायानं? पाचच्या आत परत यायचं जमणार नाही तुला."

"उद्या येऊ," फिल्डा म्हणाली. लाकेरला तिनं बहिणीकडे ठेवलं होतं. पाठीला अंथरूण, डोक्यावर पाण्याचं मडकं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. सैनिक म्हणाला, "बाई, तू कशाला जातेस? तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की," ती त्याच्यावर खेकसली. "पण ह्यांना पडल्यावर उचलायला कुणीतरी नको का? सरक, उघड ते फाटक."

फाटक उघडलं. गवत दोन्ही बाजूंनी वाटेवर आलं होतं, पुढचं काही दिसत नव्हतं. फिल्डा पुढे झाली, कारण मागे राहायची तिला जास्त भीती वाटत होती.